आठवी-नववीची पोरं कुणाला जुमानत नाहीत, नव्या मुख्याध्यापिकेनं सुरुवात कुठून करायची?

मॅडम, तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या गावातली पाचवी ते दहावीची अनुदानित शाळा, जूनमध्ये शाळा सुरू होतानाच तुमच्याकडे मुख्याध्यापकाचा चार्ज आला, आणि महिनाभरातच आठवी-नववीतल्या पोरांनी जीव नकोसा केला. मधल्या सुट्टीत मारामाऱ्या, तासाला उलट उत्तरं, दोन वाड्यांचं जुनं भांडण शाळेच्या व्हरांड्यात. सिनियर शिक्षक म्हणतात छडी गेली आणि पोरं बिघडली. त्यातच एका भांडणात एका मुलाला मार बसला, खिडकी फुटली, आणि संस्थेतले म्हणतात मारणाऱ्या तिघांचे दाखले काढून हातात द्या, एक आठवीतला आणि दोघं नववीतले. मी देवगड-मालवण पट्ट्यात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं मुख्याध्यापक म्हणून, तर जे करून बघितलंय तेच सांगतो.

माझं एकच म्हणणं आहे. पोरांना वळण लावण्याआधी शाळेच्या दिवसाला वळण लावा. दिवसात कुठे कुठे पोरांजवळ मोठं माणूस नसतं ते शोधा आणि त्या जागा भरा, निम्म्या कटकटी तिथेच संपतात, आणि ज्या उरतात त्या नीट दिसायला लागतात.

उद्या एक दोनशे पानी वही घ्या. जे भांडण होईल, जी तक्रार येईल ती त्यात लिहायची, तारीख, वेळ, जागा आणि त्या वेळी तिथे शिक्षक किंवा शिपाईमामा कोण होते. पोरांची नावं शेवटच्या रकान्यात. पंधरा दिवसांनी वही उघडून बसा, तुम्हाला तीच तीच चार-पाच ठिकाणं दिसतील. पाण्याच्या नळाजवळची गर्दी, मुतारीच्या मागची बाजू, दोन तासांच्या मधली वेळ, ऑफ तास, आणि शाळा सुटल्यावर एसटी येईपर्यंतचा अर्धा तास. नावं पण रिपीट होतील हे खरं, पण तीच नावं प्रयोगशाळेत किंवा पीटीच्या तासाला वहीत येत नाहीत हे पण बघा, आणि ते स्टाफला दाखवा, कारण "तो मुलगाच तसला" हे वाक्य त्या वहीसमोर टिकत नाही.

कोकणात यात आणखी एक भर असते ती पावसाची. जून ते सप्टेंबर मैदानावर पाऊल ठेवता येत नाही, चिखल, शेवाळ, वरून धो धो, म्हणजे सगळी शाळा मधल्या सुट्टीत एका व्हरांड्यात. ओल्या छत्र्या, रेनकोट, त्यातच पोषण आहाराची रांग. आणि पोषण आहार आठवीपर्यंतच असतो हे लक्षात घ्या. आठवीतला खिचडी घेऊन बसलेला असतो, आणि नववीतला, ज्याने गेल्या वर्षीपर्यंत त्याच रांगेत ताट धरलेलं, तो डबा आणला नसेल तर बाजूला उभा राहून बघत असतो. भुकेलं पोर आणि गर्दी, मग धक्काबुक्की होणारच की. आम्ही पावसाळ्यापुरती मधली सुट्टी दोन भागांत केली, आधी पाचवी ते सातवी, मग आठवी ते दहावी, नववी-दहावीतल्या ज्यांच्याकडे डबा नसायचा त्यांचं गावातल्या माणसांना सांगून बघितलं, आणि दोन वर्ग कॅरम, बुद्धिबळ आणि वाचनपेटीसाठी उघडे ठेवले. टाइमटेबल करताना डोकं फिरतं, शिक्षकांचं चहाचं गणित पण बिघडतं, पण करा.

यामागे नुसता माझा अनुभव नाही. जेकब कौनिन नावाच्या अमेरिकन संशोधकानं वर्गांचं बारीक निरीक्षण केलं होतं, १९७० मध्ये ते छापून आलं. त्याला बघायचं होतं की ज्यांचे वर्ग शांत चालतात ते शिक्षक पोरांनी दंगा केल्यावर असं वेगळं काय करतात. निघालं असं की दंगा झाल्यानंतर चांगले शिक्षक आणि हैराण झालेले शिक्षक साधारण सारखंच वागतात. फरक सगळा त्याच्या आधी. चांगल्या शिक्षकाची नजर सगळ्या वर्गावर असते आणि पोरांना ते कळत असतं, एक काम संपून दुसरं सुरू होताना त्याच्याकडे रिकामा वेळ पडत नाही. मला हे वाचल्यावर फार पटलं, कारण आपल्याकडे शिस्तीची सगळी चर्चा शिक्षा काय द्यायची इथून सुरू होते आणि तिथेच संपते.

आता तासांमधली वेळ घ्या. घंटा झाली की शिक्षक स्टाफरूममधून निघतो, वाटेत कुणाशी बोलतो, खडू घेतो, पाच मिनिटं जातात. आठ तासांचे झाले चाळीस मिनिटं. रोज चाळीस मिनिटं नववीचा वर्ग एकटा. यावर सर्क्युलर काढू नका, सही घेऊन कुणी वेळेवर येत नाही. तुम्ही स्वतः पहिल्या घंटेला गेटवर आणि प्रत्येक तास बदलताना व्हरांड्यात उभ्या राहा. ऑफिसातलं काम पडून राहील, यू-डायसची म्हणजे शाळेच्या आकडेवारीची माहिती, शालार्थची म्हणजे पगाराची बिलं, पंचायत समितीचे फोन, सगळं खरं आहे, ते दुपारी तीननंतर करा नाहीतर क्लार्कला शिकवा. पहिले दोन महिने मुख्याध्यापिकेची जागा व्हरांड्यात. पोरं बघतात आणि शिक्षक पण बघतात, कुणाला काही बोलावं लागत नाही, चार दिवसांत शिक्षक घंटेबरोबर वर्गाच्या दारात दिसायला लागतात. आणि ऑफ तास कधीच मोकळा सोडायचा नाही. कुणाला बीएलओची म्हणजे मतदारयादीची ड्युटी लागणार, कुणी ट्रेनिंगला जाणार, हे वर्षभर चालूच असतं, तर प्रत्येक विषयाची स्वाध्यायाची दोन-दोन पानं आधीच काढून ऑफिसच्या कपाटात ठेवा आणि कुणीच नसेल तर तुम्ही वर्गावर जा. नववीला शिकवत राहा, आठवड्याला चार तास तरी स्वतःकडे ठेवा. जो मुख्याध्यापक वर्गावर जात नाही त्याला पोरं फक्त रागवायला येणारा माणूस म्हणून ओळखतात.

छडीबद्दल. सिनियर शिक्षकांशी वाद घालत बसू नका, पण एकदाच स्वच्छ सांगा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे आणि जो करेल त्याच्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होते. मानसिक त्रास हा शब्द नीट वाचून दाखवा, कारण "तुझा बाप दारू पितो तू पण तसाच" असलं वर्गासमोर बोलणं त्यात येतं, आणि माझ्या मते ते छडीपेक्षा वाईट, छडीचा वळ आठवड्यात जातो. मग विषय बदला आणि त्याच शिक्षकांना विचारा की तुमच्या तासाला ही पोरं गप्प का बसतात. बहुतेक सिनियर माणसांकडे खरंच कसब असतं, ते छडीमुळे चालायचं असा त्यांचाच गैरसमज असतो. एखादे सर प्रत्येक पोराचं घर ओळखून असतात, कुणाची गाय व्यायली ते पण माहीत असतं, एखाद्या बाई कधीच आवाज चढवत नाहीत, जवळ जाऊन हळू बोलतात. हे स्टाफ मीटिंगमध्ये त्यांच्याच तोंडून येऊ द्या. मग सगळ्यांनी मिळून चारच गोष्टी ठरवा ज्या प्रत्येकजण सारख्याच करणार, उशिरा आलेल्याला काय म्हणायचं, मोबाईल सापडला तर काय करायचं, शिवी ऐकली तर काय करायचं, वर्गाबाहेर कधी काढायचं. वर्गाबाहेर तर काढूच नका असं माझं मत, व्हरांड्यात उभं केलेलं पोर तासभर बाकीच्यांची करमणूक करतं. चारच्या चाळीस करू नका, भिंतीवर फ्लेक्स लावू नका. एका तासाला जे चालतं ते दुसऱ्या तासाला चालत नाही, यानेच पोरं सगळ्यात जास्त बिथरतात. आणि एखाद्या शिक्षकाचं चुकलं तरी पोरांसमोर त्याला बोलायचं नाही, शाळा सुटल्यावर, दार लावून.

एक मुलगा सांगतो. नववीतला, बंदराजवळच्या वाडीतला. पहिल्या तासाला रोज उशीर, हजेरी होऊन गेलेली, म्हणून दाराशी उभा, आणि दुसऱ्या तासापर्यंत कुणाच्या तरी अंगावर धावून जायचा. तक्रारींची रांग. त्याला ऑफिसात न बोलावता मी नळावर गाठलं, तो कोपरापर्यंत हात घासत होता, साबण नव्हता, नारळाच्या सोडणानं घासत होता. मी म्हटलं काय रे, एवढं काय लागलंय. गप्प. मग थोड्या वेळाने म्हणाला, "सर, ते माका बांगडो म्हणतत." पहाटे बोटी आल्या की लिलावाच्या जागी आजीबरोबर मासळीच्या पाट्या उचलायच्या, आई नाही, वडील मुंबईला, तिथून थेट शाळेत. वास यायचा. वर्गात बाकावर कुणी शेजारी बसायचं नाही, आणि आम्ही सगळे त्याला मारामाऱ्या करणारा म्हणून ओळखत होतो.

केलं ते फार काही नाही. शिपाईमामांकडे एक साबण आणि टॉवेल, ऑफिसच्या कपाटात त्याचा युनिफॉर्मचा जादा शर्ट. हजेरी पंधरा मिनिटं उशिरा मांडायची हे वर्गशिक्षिकेनं स्वतःहून ठरवलं, फक्त त्याच्यासाठी नाही, लांबून एसटीनं येणाऱ्या सगळ्यांसाठी. आणि चिडवणाऱ्यांचं काय करायचं हा खरा अवघड भाग. चिडवणारे दोनच होते, हसणारे पंचवीस. नॉर्वेत १९८३ साली तीन मुलांच्या आत्महत्यांनंतर सरकारनं देशभर शाळांतल्या दादागिरीविरुद्ध मोहीम काढली, डॅन ओल्वेउस त्यातले मुख्य संशोधक, त्यांचा भर याच्यावरच होता की त्रास देणारा आणि सोसणारा एवढीच दोन माणसं बघू नका, बाजूला उभे राहणारे पण बघा. तर वर्गशिक्षिकेनं त्या हसणाऱ्यांपैकी सहा-सात जणांना वेगवेगळं बोलावून एवढंच सांगितलं की तू हसू नकोस, आणि तो एकटा असेल तेव्हा त्याच्याजवळ जाऊन बस. त्याचं नाव घेऊन वर्गासमोर भाषण दिलं नाही, ते दिलं असतं तर तो शाळेत आलाच नसता. नंतर पण त्याची दोनदा भांडणं झाली. पण यायचा रोज, आणि दहावी पास झाला.

असली पोरं आपल्याकडे कमी नाहीत. आईवडील मुंबईला, पोर आजीकडे. आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला सुट्टी मारणारे. बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं, ज्यांना मराठी नीट येत नाही म्हणून ती मागे बसतात. ही अडचण नवीन नाही, आपल्याच किनाऱ्यावर वर बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या, अनुताई वाघ बरोबर होत्या, तिथे आदिवासी मुलं गुरं राखायला जायची म्हणून शाळेत येत नव्हती तर या बाया शाळाच कुरणावर घेऊन गेल्या. आपल्याला एवढं करायचं नाहीये, पण मार्च-एप्रिलमध्ये कोण कोण बागेत जाणार हे जानेवारीत विचारून त्यांचा अभ्यास पुढे-मागे करता येतो ना. गैरहजर राहिला म्हणून परत आल्यावर त्याला उभं करायचं, मग तो परत येतच नाही.

एक कडू गोष्ट बोलतो. कोकण बोर्डात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोनच जिल्हे, आणि दहावीच्या निकालात वर्षानुवर्षं आपलाच विभाग राज्यात पहिला. अभिमान आहेच. पण शंभर टक्क्यांच्या बॅनरपायी काही ठिकाणी नववीतल्या कच्च्या पोराला हळूच सुचवलं जातं की बाबा तू सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून बस. ज्या पोराला नववीच्या दिवाळीपर्यंत कळतं की आपण या शाळेला नको आहोत, ते नीट वागेल कशाला? तुमच्याकडे असं चालत असेल तर पहिल्या वर्षातच बंद करा आणि संस्थेला सांगा की निकाल अठ्ठ्याण्णव लागला तरी चालेल, एकही मूल बाहेर काढणार नाही. हे बोलायला धाडस लागतं. पण शाळेचं वातावरण तुमच्या या एका निर्णयाने जेवढं बदलेल तेवढं बाकी कशाने नाही, असं मला मनापासून वाटतं.

वर्गप्रतिनिधीला बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला लावायची पद्धत आजच बंद करा. त्याने एक पोर पोलीस होतं, बाकीचे त्याचे वैरी, आणि वाड्यांची भांडणं असतील तर त्यात तेलच. पोरांना जबाबदारी द्यायची तर खरं काम द्या. तुमच्या डोक्यात असेल की ही आठवी-नववीची पोरं बेजबाबदार आहेत, तर शिमग्याला गावात बघा, हीच पोरं पालखीला खांदा देतात, नमनात उभी राहतात, रात्रभर ढोल सांभाळतात, कुणी ओरडत नाही त्यांना. तिथे प्रत्येकाला आपलं काम माहीत असतं, ते काम केलं नाही तर अडतं हे पण माहीत असतं, आणि मोठी माणसं शेजारीच असतात. शाळेत तसलं काम शोधा. पाचवीच्या लहान मुलांना एसटीत चढवून मग स्वतः जायचं, हे मी नववीच्या सगळ्यात दांडग्या पोरांकडे दिलं होतं, दोन्ही वाड्यांतले दोघं-दोघं मिळून. पहिले आठ दिवस एक शिक्षक बरोबर ठेवायचा, मग फक्त नजर. कामाच्या गटात वाड्या मुद्दाम मिसळा, खेळाच्या टीममध्ये पण.

पालकांना भेटायचं तर आपल्या पंचांगाप्रमाणे चला. ऑक्टोबरात पालकसभा ठेवली तर आज्या येतात, मान हलवतात, घरी जातात. चाकरमानी बाप गणपतीला घरी असतो, शिमग्याला असतो, शाळेला तेव्हा सुट्टी असते म्हणून आपण पण सुट्टीवर. मी गौरी-गणपतीत आरतीच्या निमित्ताने घरी जायचो, तक्रार सांगायला अजिबात नाही, पहिल्या भेटीत पोराचं एक तरी खरं चांगलं सांगायचं आणि बापाचा मुंबईचा नंबर घ्यायचा. मग पुढे कधी अडचणीचा फोन केला तरी तो ऐकून घेतो.

काही गोष्टी मात्र शाळेत मिटवायच्या नसतात. लैंगिक त्रासाची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संस्थेची बदनामी वगैरे ऐकत बसायचं नाही, मुलांच्या मदतीसाठी १०९८ नंबर आहे तो शाळेत सगळ्यांना दिसेल असा लावा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, गुटख्याला तर राज्यातच, टपरी असेल तर ग्रामपंचायतीला लेखी द्या.

आता दाखल्यांचं. आठवीतल्या मुलाला तुम्ही काढूच शकत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे संस्थेला लेखी कळवा म्हणजे तो विषय बंद. नववीच्या दोघांना हा कायदा तसा आड येत नाही, पण माझं स्पष्ट मत आहे की देऊ नका. पुढची हायस्कूल लांब, एसटी दोनच, दाखला घेतलेला मुलगा कुठेच जात नाही, बोटीवर नाहीतर मुंबईला हॉटेलात.

त्याऐवजी संस्थेकडे सहा आठवडे मागा. ज्या मुलाला मार बसला त्याच्या घरी पहिलं जा आणि त्याच्या आईवडिलांचं पूर्ण ऐकून घ्या, त्यांना वाटता कामा नये की शाळा मारणाऱ्यांचीच बाजू घेते. मग तिघांना वेगवेगळे तीन शिक्षक वाटून द्या, पोराला जो शिक्षक त्यातल्या त्यात आवडतो तो. रोज शाळा भरताना दोन मिनिटं भेट, आज कसं आहे, खाल्लंस का, वही आणलीस का, आणि एका छोट्या कार्डावर दोनच गोष्टी, तासाला वेळेवर बसला का आणि हात उचलला नाही ना. प्रत्येक तासाला शिक्षकाची खूण, शाळा सुटताना परत दोन मिनिटं, कार्ड घरी, सही. कुठला तास बिघडतो ते कार्डावर आठ दिवसांत दिसतं, आणि बऱ्याचदा तो एकच तास असतो. भांडणात खिडकी फुटली म्हणालात ना, ती त्यांनी सुताराबरोबर बसून दुरुस्त करायची, पैसे भरून मोकळं व्हायचं नाही. सहा आठवड्यांनी वही आणि कार्डं घेऊन संस्थेसमोर बसा, आकडे तुमच्याकडे असतील, त्यांच्याकडे फक्त मत असेल.

आणि आठवीतल्या मुलाचे वडील बोटीवर असतात म्हणालात, तर हे सगळं सुरू करायच्या आधी त्यांना भेटा. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, १ ऑगस्टला बोटी सुटल्या की ते दिवाळीपर्यंत हाताला लागणार नाहीत. या रविवारीच जा.